आमच्या विहिरीतला दगड

बालाघाटावरची आमची विहीर गेल्या उन्हाळ्यात खोल केली. काळ्या पाषाणाखाली तांबडा पट्टा लागला, त्याखाली पुन्हा काळा! पाणी मात्र नाही. आबा हिरमुसले.

गुरुजी म्हणाले, पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. पुढचा लाव्हा येईपर्यंत वरचा थर झिजून तांबडी माती झाली. शास्त्रज्ञ दगडात साठलेला अरगॉन वायू मोजून वय काढतात : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे! थिजताना दगडात पृथ्वीचं चुंबकत्वही उमटतं. त्यावरून कळलं, की तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ती उत्तरेला सरकली. खालची भट्टी, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून पेटतो.

आबा म्हणाले, "म्हंजी चूल तिथंच, भाकर इकडं!" येत्या उन्हाळ्यात ते आणखी दोन परस खोदणार आहेत.