पडदा काळा राहिला तर



वैद्य आधीं नाडी पाहतो आणि मग औषध देतो. यंत्राच्या बाबतींत आपण मात्र बहुधा उलट करितों : निकाल आधीं देतों आणि तपासणी मागाहून करितों. संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवून बटण दाबावें, पेटींतले पंखे फिरूं लागावेत, आणि मॉनिटरचा पडदा काळाच राहावा, अशा वेळीं ‘कार्डच खराब निघालें’ हे शब्द चटकन् तोंडून निघतात. हें कार्ड स्वस्त नसतें. कित्येक घरांतून त्यासाठीं महिनोन्महिने पैसे बाजूस टाकलेले असतात. म्हणून चुकीचा निकाल महाग पडतो. चांगली वस्तु विनाकारण परत न्यावी लागते, किंवा उतावळेपणानें भलतीच केबल लावून ती खरोखरच जाळली जाते.

तपासणीचे मुख्य नियम दोनच आहेत. जिला खर्च नाहीं व जिच्यांत धोका नाहीं ती तपासणी सर्वांत आधीं करावी. आणि एका वेळीं एकच बदल करावा. एकदम चार गोष्टी बदलल्या व चित्र दिसूं लागलें, तर दोष कोठें होता हें कधींच कळणार नाहीं.

प्रथम असें पाहावें कीं, पडदा आरंभापासून काळा आहे, कीं मागाहून काळा होतो. संगणक सुरू होतांना मदरबोर्डाच्या कारखान्याचें चिन्ह दिसलें आणि विंडोज सुरू होण्याच्या सुमारास चित्र नाहींसें झालें, तर कार्ड, केबल व मॉनिटर ह्यांनीं निदान एकदां तरी आपलें काम केलें आहे. अशा वेळीं दोष बहुधा ड्रायव्हर नांवाच्या आज्ञावलींत असतो. विंडोज सेफ मोडमध्यें उघडून जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढावा व नव्याचा घालावा. परंतु चिन्हसुद्धां दिसलें नाहीं, तर ड्रायव्हरास दोष देण्यांत अर्थ नाहीं. कारण तो त्या वेळीं कामावर आलेलाच नसतो.

दुसरी तपासणी पेटी न उघडतां करावयाची. मॉनिटरची केबल कोठें लावली आहे ? पेटीच्या मागें मदरबोर्डाची एक जोडणी असते व नव्या कार्डाच्या जोडण्या निराळ्या असतात. संवयीनें केबल जुन्याच जागीं लावली जाते, आणि नवें कार्ड बसल्यावर पुष्कळ मदरबोर्ड आपलें स्वतःचें चित्र बंद ठेवितात. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत चित्र काढण्याची सोयच नसते. तेथें मदरबोर्डाच्या जोडणींतून चित्र येणें शक्यच नाहीं. केबल कार्डासच लावावी, आणि मॉनिटरवर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट ह्यांपैकीं योग्य मार्ग निवडला आहे कीं नाहीं तें पाहावें. ह्यानंतर दुसरी केबल लावून पाहावी.

येथवर गुण आला नाहीं तरच पेटी उघडावी, व वडील मंडळींपैकीं कोणास तरी जवळ बसवावें. वीज बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, आणि अंगांतील स्थिर विद्युत् निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधींहि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तींत जीवघेणी वीज सांठलेली असूं शकते.

आतां थोडें गणित करूं. कार्ड ज्या स्लॉटमध्यें बसतें तो त्यास जास्तींत जास्त ७५ वॅट वीज देतो. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. एन्व्हिडियाच्या २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० ह्या कार्डास १७० वॅट लागतात. आठ पिनांची एक केबल लावली म्हणजे ७५ अधिक १५० मिळून २२५ वॅट होतात व काम भागतें. ती लावण्याचें राहिलें, तर ७५ वॅटांत १७० वॅटांचें काम कसें व्हावें? केबल शेवटपर्यंत दाबून बसवावी. प्रोसेसरची केबलहि आठ पिनांचीच असते, परंतु तिच्यांत विजेच्या बाजू उलट असतात. ती जोर करून येथें लावूं नये. तसेंच एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्यास लावूं नयेत. दिसावयास त्या सारख्या, परंतु आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो, आणि त्यामुळें किंमती भाग जळतात.

मग कार्ड काढून पुन्हां सरळ बसवावें व स्लॉटची कडी मिटली आहे असें पाहावें. सुरू केल्यावर कार्डाचे पंखे फिरले नाहींत म्हणून घाबरूं नये. पुष्कळ नवीं कार्डें थंड असतांना पंखे मुद्दाम थांबवितात. कित्येक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट असे चार लहान दिवे असतात. व्हीजीएचा दिवा लागून राहिला तर संशय कार्डाकडे जातो. डीरॅमचा राहिला तर मेमरीकडे. डीडीआर५ मेमरी असलेले कांहीं संगणक पहिल्या सुरुवातीस काहीं मिनिटें काळेच राहतात. तेथें धीर हेंच औषध.

कधीं कधीं दोष ना कार्डाचा ना बसविणाराचा, तर दोघांच्या भाषेचा असतो. जुन्या मदरबोर्डास नव्या कार्डाची यूईएफआय पद्धत समजत नाहीं. म्हणून जुनें कार्ड चालत आहे तोंवरच बायोस अद्ययावत् करून ठेवणें शहाणपणाचें. २०१८ सालीं एन्व्हिडियानें आपल्या कांहीं कार्डांसाठीं अशीच एक दुरुस्ती दिली होती : डिस्प्लेपोर्टच्या १.३ व १.४ ह्या आवृत्त्यांचे मॉनिटर लावले असतां विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहूं शके. तीं कार्डें जळलेलीं नव्हतीं. एचडीएमआय केबलीनें यंत्र सुरू करून ती दुरुस्ती घालतां येत असे.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. जुनें कार्ड ह्या संगणकांत लावून पाहावें, व नवें एखाद्या मित्राच्या संगणकांत. जुनें येथें चालतें आणि नवें पुरेशी वीज असलेल्या दुसऱ्या यंत्रांतहि चालत नाहीं, तर मात्र निकाल निःशंकपणें द्यावा, व केलेल्या तपासण्यांची यादी आणि पावती घेऊन दुकानदाराकडे जावें. नवें कार्ड तेथें चाललें, तर दोष घरच्या यंत्रांत आहे असें ठरलें. मग पॉवर सप्लाय व स्लॉट ह्यांकडे वळावें.

पालकांसहि एक विनंती आहे. अशा प्रसंगीं ‘पैसे पाण्यांत गेले’ असें म्हणून मुलास घाबरवूं नये. घाबरलेला मुलगा केबल जोरानें दाबतो. त्याच्यापुढें एक वही ठेवावी, आणि प्रत्येक तपासणी व तिचें फळ त्याजकडून तींत लिहवून घ्यावें. कार्ड चालो अथवा परत जावो, ती वही त्याच्या पुढें उपयोगीं पडेल.