जुन्या जीपला गिअर तेल कोणते घालावे?



गळीत हंगाम आटोपला, ऊस बिलाचा हिशेब हातात पडला की आपल्यातील बरेच जण मुलाबाळांसह कोकणात उतरतात. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचे नागाव तर अनेकांच्या पाठाचे झाले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, ताजी मासळी आणि पुढे लांबच लांब वाळू. ज्यांच्याकडे जुनी फोर व्हील जीप आहे त्यांना ती वाळूत घालून पाहण्याचा मोह आवरत नाही. घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांत गिअर कुरकुर करू लागतो, आणि कोणीतरी सांगतो, "भारीतले भारी तेल टाका, आवाज बंद होईल." घोटाळा इथेच होतो.

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे सोडून तेलावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आमचे चिटबॉय आणि आम्ही वर्षानुवर्षे अशाच गाड्यांतून चिखलातले प्लॉट तुडवले आहेत. ऐन तोडणीत गाडी आडवी झाली तर काय हाल होतात ते आम्ही पाहतो.

जुन्या जीपला तेल तीन प्रकारच्या पेट्यांत असते. एक गिअरबॉक्स, दुसरी तिला चिकटलेली ट्रान्सफर केस, आणि पुढच्या व मागच्या आसात एकेक डिफरन्शियल. महिंद्र कंपनी ज्या विलीज जीपवरून आपल्याकडच्या गाड्या बनवू लागली, तिच्या तीन गिअरच्या पेटीत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर बदलताना ही रिंग फिरत्या चक्राला घासून त्याचा वेग जुळवून घेते, म्हणून दात न खडखडता बसतात. पहिल्या गिअरला ती नाही. तो गाडी उभी करूनच टाकावा.

डिफरन्शियलमध्ये मात्र पितळेचा संबंध फारसा नाही. तिथे क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर दाबून सरकतात. हा दाब साधे तेल सोसत नाही. त्यासाठी तेलात गंधक व स्फुरद यांची औषधे मिसळतात. डब्यावर जी.एल.-५ लिहिलेले असते ते हे तेल. जी.एल.-४ मध्ये हीच औषधे साधारण निम्मी असतात. गंधकाची ती औषधे गरम पेटीत पितळेला खातात. अलीकडची काही जी.एल.-५ तेले पितळेला पूर्वीइतकी बाधत नाहीत, हे खरे. तरी सिंक्रोला थोडे घर्षण हवेच असते. फार निसरड्या तेलात रिंग पकडच घेत नाही आणि गिअर खरडतो.

म्हणून आमचे सांगणे असे: गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसला जी.एल.-४, आणि डिफरन्शियलला जी.एल.-५. युरिया आणि सुपर फॉस्फेट ही दोन्ही खतेच, पण एकाच्या जागी दुसरे टाकून चालत नाही, तसेच हे. महाग डबा म्हणजे बरोबर डबा नव्हे.

जाडीचा आकडा ही वेगळीच बाब आहे. ९० किंवा ८०डब्ल्यू-९० आपल्या हवेला पुरते. आवाज दाबण्यासाठी काही जण १४० नंबर घालतात. आवाज दबतो, दोष दबत नाही, आणि थंडीच्या पहाटे गिअर हलता हलत नाही. इंजिन तेलाचा आकडा याच्याशी ताडून पाहू नये, त्याची मोजपट्टी निराळी. ९० नंबरचे गिअर तेल जवळपास ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच जाड असते.

आता पुन्हा नागावकडे. घाट उतरून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते. ती तशीच भरतीच्या पाण्यात गेली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. वरचे हवेचे भोक चिखलाने बुजलेले असेल तर जुन्या सीलमधून खारे पाणीच आत ओढले जाते. मग बेअरिंगला गंज धरतो. मुळात किनाऱ्यावर गाडी उतरवूच नये. भरतीने रुतलेली गाडी ओढायला दोर आणि माणसे मिळेपर्यंत पाणी बोनेटशी येते. पण गेलीच असेल तर घरी आल्यावर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. सकाळी खालचा बूच अगदी थोडा सैल करावा. पाणी जड असल्याने आधी तेच ठिबकते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी त्यात घुसळले गेले आहे. ते त्याच दिवशी काढावे, त्याच प्रतीचे नवे भरून थोडी गाडी चालवावी आणि तेही काढून टाकावे. गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसही पाहावी.

नेहमीचे तेल बदलताना गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे गाळासह तेल उतरते. आधी भरायचा बाजूचा बूच सुटतो का ते पाहावे, मगच खालचा काढावा. खालचा काढून तेल सांडले आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी जागेवरच बसते. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर पाहावे. पिवळी चकचकीत भुकटी दिसली तर रिंगा झिजत आहेत, काळे पोलादी तुकडे दिसले तर दात तुटत आहेत. त्यावर कोणत्याच तेलाचा इलाज नाही. नवे तेल बाजूच्या भोकाच्या ओठापर्यंत भरावे. जास्त भरले तर सीलमधून बाहेर येते.

निघालेले तेल पाटाच्या कडेला किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.