शुश्रूषा करणाऱ्याचीही तपासणी हवी

दीर्घ मुदतीच्या आजाराचा रुग्ण इस्पितळातून घरी परतला म्हणजे त्याच्या शुश्रूषेचा भार कुटुंबावर येतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. भरवणे, अंग पुसणे, वेळेवर औषध देणे ही कामे रात्रंदिवस चालतात. ती बहुधा घरातील एकच व्यक्ती करते. पत्नी, सून किंवा मुलगी.

सत्तरी तालुक्यातील एखाद्या वाड्यावरचे असे घर डोळ्यांपुढे आणावे. सासऱ्यांची औषधे आणण्यासाठी सून दर महिन्याला वाळपईला जाते. फेरतपासणी असली की त्यांना घेऊन बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते. तिची स्वतःची कंबर धरलेली असते, झोप पुरी होत नाही. परंतु हातातील कागद सासऱ्यांच्या नावाचा असतो. म्हणून ती आपले दुखणे सांगत नाही आणि तिला कोणी विचारीतही नाही. आरोग्य केंद्राची पायरी वर्षातून बारा वेळा चढूनही तिचा रक्तदाब एकदाही मोजला जात नाही. पुढे तीच आजारी पडली तर घरात दोन रुग्ण होतात आणि शुश्रूषेला कोणीच उरत नाही.

ही स्थिती टाळता येण्यासारखी आहे. 30 वर्षे व त्यावरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही, म्हणून त्रास नसतानाही तो मोजून घ्यावा. आयुष्मान भारत योजनेखालील प्राथमिक आरोग्य सेवांत वृद्धांची काळजी, मानसिक आरोग्य आणि वेदना हलक्या करणारी उपशामक सेवा यांचाही समावेश आहे. मनावरील ताण असह्य झाल्यास 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा वा रात्री विनामूल्य सल्ला मिळतो.

कुटुंबीयांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. रुग्णाचे सर्व कागद एकाच पिशवीत तारीखवार ठेवावेत. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आधीच वहीत लिहून न्यावेत. रुग्णाला कसे वळवावे व उचलावे, हे इस्पितळातून निघण्यापूर्वीच परिचारिकेकडून शिकून घ्यावे. उचलताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवावेत आणि शक्यतो दोघांनी मिळून उचलावे. आठवड्यातून निदान अर्धा दिवस घरातील दुसऱ्या माणसाने, विशेषतः पुरुषांनी, हे काम अंगावर घ्यावे. रुग्णाचे औषध आणावयास गेलेल्या दिवशीच स्वतःचाही केसपेपर काढावा.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी सोबत आलेल्या नातेवाइकास "आपली प्रकृती कशी आहे?" एवढे विचारले, तरी पुष्कळ दुखणी वेळीच उघड होतील. घरी आजारी माणूस असल्यामुळे एखादे मूल, विशेषतः मुलगी, वारंवार गैरहजर राहत असेल, तर शिक्षकांनी चौकशी करून ती बाब उपकेंद्रातील परिचारिकेच्या कानी घालावी. पंचायतीनेही अशा घरांना अपंगत्वाचा दाखला मिळविण्याची माहिती द्यावी.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने मोबदला घेऊन वा न घेता शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना व्याख्येत स्थान दिले आहे. कायद्याने जिची दखल घेतली, तिची दखल घरानेही घ्यावयास हवी. पुढच्या महिन्यात औषधांसाठी निघताना तिच्या पिशवीत दोन केसपेपर असावेत: एक रुग्णाचा, दुसरा तिचा स्वतःचा.