हरभऱ्याचें फूल आणि घाटेअळीचा पतंग

उत्तर अमेरिकेच्या वाळवंटांत कांहीं लहान पतंग असे आहेत कीं, ज्या झाडाच्या फुलांवर त्यांच्या अळ्या पोसतात, त्याच फुलावर ते दिवसा बसून राहतात. आणि कित्येकांचा रंग फुलाशीं इतका जुळतो कीं, जवळ जाऊनही ते सहसा ओळखूं येत नाहींत. दूर देशची गोष्ट म्हणून वाचकांनीं ही सोडून देऊं नये. त्यांचा एक भाऊबंद नांदूरघाटच्या काळ्या रानांत येत असतो. त्याची अळी ती आपली घाटेअळी होय.

स्वभाव मात्र निराळा. वाळवंटांतील पुष्कळ पतंग एकदोन जातींच्या झाडांसच धरून राहतात. हा हरभरा, तूर, कापूस, करडई, टोमॅटो, कांहींच वर्ज्य मानीत नाहीं. कापसावर हिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात. अळी एकच, नांवें दोन. हें न कळल्यानें पुष्कळ घोटाळा होतो.

मादी रात्रीं फिरून कोवळा पाला, कळ्या व फुलें ह्यांवर एकेक अंडें सुटें घालते. तें खसखशीच्या दाण्यासारखें, पिवळसर पांढरें असतें. तीनचार दिवसांत अळी निघून प्रथम पाला खरवडते. मोठी झाली म्हणजे घाट्यास भोंक पाडून डोकें आंत व अर्धें अंग बाहेर ठेवून दाणा खाते. दोनतीन आठवड्यांनीं ती मातींत शिरून कोष करिते. रंगावरून तिची पारख करूं नये. ती हिरवी, तपकिरी, गुलाबटही असते.

हरभरा अगदींच निराधार नाहीं. पहाटे फडकें फिरवून आपल्या बाया जी आंब धरितात, तींत मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लें असतात. ऑक्झॅलिक आम्लानें अळीची वाढ मंदावते, असें प्रयोगांत आढळलें आहे. पण मंदावणें म्हणजे मरणें नव्हे.

मग लोक विषाकडे धांवतात. 1987 सालीं आंध्रांतील कापसावर फवाऱ्यामागून फवारे मारले तरी ही अळी मरेना. कारण विष पचविणाऱ्या अळ्यांचीच संतति वाढली होती. शेजाऱ्यानें मारलें म्हणून आपणही मारावें, ही रीत आम्हांस घातक वाटते. त्यांत पैसाही जातो आणि पीकही.

आधीं ओळींत बसून मोजावें. एक मीटर ओळींत एकदोन अळ्या दिसल्या तरच औषधाचा विचार करावा. शेतांत काठ्या रोवल्यास कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात. अळ्या लहान असतांनाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. घाटेअळीस रोग आणणारें विषाणूचें औषधही मिळतें. तें सायंकाळीं मारावें, कारण उन्हानें त्याचा जोर जातो.