रंधा धबधबा

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्यानजीकचा रंधा धबधबा पाहावयास गेलों. पावसाची झड लागली होती. रतनगडाच्या डोंगरांत उगम पावलेली प्रवरा १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणांतून पुढें येते व रंधा येथें सुमारें १७० फूट खोल उडी घेते.

“बाबा, ही दरी कोणीं खोदली?” धाकट्या मुलीनें विचारलें.

“ह्याच पाण्यानें,” मी म्हणालों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून हा काळा खडक झाला. पाण्याबरोबर येणारे दगडगोटे कड्याचा पायथा झिजवितात. आधार गेला कीं वरचा खडक कोसळतो, आणि धबधबा हळूहळू मागें सरतो. त्याची सोडलेली वाट म्हणजेच ही दरी.

सांगण्याच्या भरांत माझें लक्ष ढळलें. मुलगी शेवाळलेल्या कडेवर पाऊल टाकणार, तोंच तिच्या आईनें तिला मागें ओढलें. माझी वाचाच बसली.

मुलांनो, धरणाचें पाणी सुटतांच हा प्रवाह अकस्मात् फुगतो. जें पाणी पाषाण फोडतें, त्यापुढें आपलें पाऊल तें काय? असें सौंदर्य दुरूनच पाहावें. आणि वडील मंडळींनीं आधीं मुलाचा हात धरावा, मग धडा सांगावा.