चौदा ग्रुप आणि एकही उत्तर नाही: धंद्याची माहिती ऑनलाइन कुठं शोधायची?

प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच, "सर, धंदा सुरू करणाऱ्यांसाठी चांगल्या वेबसाइट आणि ग्रुप सांगा ना." सांगतो. पण आधी माझी एक चूक ऐका.

जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक दुकानदारांनाही उद्यम नोंदणी खुली झाली. मी बातमी वाचली, दुकानात बसल्या बसल्या गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेली लिंक उघडली. तिरंग्याचे रंग, सरकारी वाटेल असं चिन्ह. फॉर्म भरला, १,४९९ रुपयेही भरले. सर्टिफिकेट आलं, आणि ते खरं होतं. घोळ एवढाच की सरकार ते फुकट देतं! ती साइट एका खाजगी एजंटाची होती आणि ती लिंक म्हणजे जाहिरात होती. मी बीबीए झालेलो, तरी वर बारीक अक्षरात लिहिलेलं 'प्रायोजित' मला दिसलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. सरकारी काम असेल तर पत्त्यात 'डॉट जीओव्ही डॉट इन' दिसल्याशिवाय आधार नंबर टाकायचा नाही. उद्यम नोंदणीला रिन्यूअल नसतं, त्यामुळं "सर, तुमचं उद्यम संपतंय" असा फोन आला की सरळ कट करा.

आता नोंदणीचा उपयोग काय, तेही नीट समजून घ्या, कारण इथं अर्धवट माहिती फार फिरते. तुम्ही वस्तू बनवता किंवा सेवा देता, उद्यम नोंदणी आहे आणि समोरची पार्टी पैसे देत नाही, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा आहे. त्यापुढं व्याजासकट वसुलीसाठी ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी सरकारनं २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू केलं. पण माझ्यासारख्या नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हा फायदा नाही. आम्हाला बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच नोंदणी दिलेली आहे. हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नाही, मंत्रालयाचं दोन पानी पत्रक वाचल्यावर कळलं. म्हणून म्हणतो, व्हिडिओ बघा (माझेसुद्धा!), पण पैसे गुंतवायच्या आधी मूळ कागद वाचा.

दुसरा गोंधळ 'स्टार्टअप' या शब्दाचा. स्टार्टअप इंडिया ही योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तिची मान्यताही फुकट मिळते, पण कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी नोंदणीकृत संस्था लागते, आणि कामात काही नवीन असावं लागतं. एकट्याच्या नावावर चालणारी चहाची टपरी किंवा गिरणी त्यात बसत नाही. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तुमचं दार वेगळं आहे. खाद्यपदार्थ करत असाल तर पीएम एफएमई योजना बघा. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, तेही बँक कर्जाला जोडून. अर्ज भरायला मदत करणारी माणसं योजनेनंच जिल्ह्यात नेमलेली असतात, त्यांना पैसे द्यायचे नसतात. अर्जाची मुदत मात्र पोर्टलवरच तपासा, फॉरवर्ड मेसेजवर नको.

शिकायचं असेल तर पुण्याच्या दे आसरा फाउंडेशनची छोट्या व्यवसायांसाठीची माहिती आपल्या कामाची आहे. इंग्रजीची भीती नसेल तर अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरचं स्टार्टअप स्कूल मोफत आहे. त्यातलं फंडिंगचं सोडून द्या, ग्राहकाशी कसं बोलायचं तेवढं ऐका. ते कन्हेरीतही लागू पडतं.

आता ग्रुप. इंदापूर तालुक्यातल्या एक ताई घरी शेंगदाणा चटणी करतात. चौदा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होत्या. सगळीकडं एकच मेसेज टाकलेला, "चटणीचा बिझनेस वाढवायचा आहे, मार्गदर्शन करा." उत्तर म्हणून तीन नमस्कार आणि एका कोर्सची लिंक. आम्ही बसून प्रश्न बदलला: "२०० ग्रॅम चटणी साध्या प्लास्टिक पाउचमध्ये भरते, तीन आठवड्यांत खवट वास येतो. पाउच बदलू की भाजणं?" संध्याकाळपर्यंत दोघांची उत्तरं आली. एकानं आतून चंदेरी थर असलेलं पाउच सुचवलं. दुसऱ्यानं उलट विचारलं, "ताई, दाणे पूर्ण गार झाल्यावर भरता का?" नव्हत्या भरत! नंतर त्यांनी बारा ग्रुप सोडले.

ओळखी वाढवायच्या असतील तर माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचाच आहे. अशा ठिकाणी फी असते, म्हणून आधी "पाहुणा म्हणून एक मीटिंग बघू का?" असं विचारा. तुमच्या मालाचा ग्राहक त्या खोलीत बसतच नसेल, तर फी वाचवा. आणि शेतीशी जोडलेला धंदा असेल तर मोबाइल खिशात ठेवून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारा. तिथंच अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं. स्टॉलवरच्या माणसाला मशीनची किंमत विचारण्याआधी ते बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं, हे विचारा.

पुढच्या व्हिडिओत उद्यमचा पूर्ण फॉर्म स्क्रीनवर भरून दाखवणार आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर अजून चालू आहे का, तेवढं बघून ठेवा.