सरोदची जन्मकथा

प्रस्तावना

एखादे वाद्य कोणी निर्माण केले, असा प्रश्न विचारला की आपण एका नावाची अपेक्षा करतो. वाद्यांचा इतिहास मात्र क्वचितच एका नावावर थांबतो. वाद्य माणसांबरोबर देश ओलांडते, तेथील हवा, लाकूड आणि संगीत यांनुसार रूप बदलते व कधी कधी नावही बदलते. सरोद या वाद्याची कथा अशीच आहे. तिचा महत्त्वाचा भाग लखनौ शहरात घडला आणि पुढे त्या शहराशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडले गेले.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• रबाब आणि सरोद यांतील साम्य व फरक सांगणे.
• दंतकथा आणि पुरावा यांतील भेद ओळखणे.
• संगीतविद्येच्या प्रसारातील लखनौचे महत्त्व स्पष्ट करणे.

१. नाव एक, वाद्ये अनेक

‘रबाब’ हे नाव फार दूरवर पोहोचले आहे. अरब देशांत या नावाचे वाद्य गजाने वाजवतात, तर अफगाणिस्तानात ते छेडून वाजवतात. अरबांच्या राजवटीबरोबर हे नाव स्पेनमध्ये गेले आणि तेथून युरोपातील ‘रेबेक’ या गजाच्या वाद्याला मिळाले. ‘अल्-ऊद’ या अरबी वाद्याच्या नावापासून युरोपात ‘ल्यूट’ हा शब्द आला. यावरून एक गोष्ट लक्षात येते. नाव सारखे असले म्हणून वाद्य एकच असते, असे नाही. वाद्याचे मूळ शोधताना नावाबरोबरच त्याची घडण आणि वादनाची रीतही पाहावी लागते.

भारतातही रबाबाचे दोन प्रकार होते. एक तानसेनाच्या वंशजांचा, धृपदाच्या अंगाने वाजणारा मोठा रबाब. दुसरा अफगाणी रबाब. गुरू नानकांचे सोबती भाई मर्दाना हेही रबाबवादक म्हणून प्रसिद्ध आहेत.

२. लष्करी छावणीतून दरबारात

मोगल काळात अनेक पठाण कुटुंबे उत्तर भारतात, विशेषतः रोहिलखंडात, स्थायिक झाली. सैनिकी पेशा आणि घोड्यांचा व्यापार करणाऱ्या या लोकांनी आपला रबाब बरोबर आणला. शाहजहानपूर हे त्यांच्या वस्तीचे एक प्रमुख ठिकाण होते.

अफगाणी रबाब तुतीच्या अखंड लाकडातून कोरलेला असतो. त्याच्या पोटावर कातडे ताणलेले असते, मानेवर पडदे बांधलेले असतात आणि मुख्य तारांच्या जागी पूर्वी आतड्याची तात लावत. या वाद्याचा आवाज ठसकेबाज. पण तो लवकर विरतो. हिंदुस्थानी रागसंगीताला मात्र एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड हवी असते. लाकडी पट्टी, पडदे आणि तात यांमुळे ती साधत नसे.

याच सुमारास तानसेनाच्या वंशातील रबाबियांनाही अशीच अडचण भासत होती. एक आख्यायिका अशी आहे, की पावसाळी हवेत तात सैल पडून रबाब बोलेना, तेव्हा जाफर खाँ यांनी धातूची पट्टी आणि धातूच्या तारा असलेले ‘सुरसिंगार’ हे वाद्य घडवले. आख्यायिकेतील प्रसंग खरा असो वा नसो, दमट हवेत तात सैल पडते ही गोष्ट मात्र खरी आहे.

अफगाणी रबाबातही असाच बदल झाला. पडदे गेले, लाकडी पट्टीच्या जागी धातूची गुळगुळीत पट्टी आली आणि तातेऐवजी धातूच्या तारा आल्या. डाव्या हाताच्या नखाने किंवा बोटाच्या टोकाने तार दाबून सरकवता येऊ लागली. मींड साधली, स्वर लांबला. हेच सरोद होय. ‘सरोद’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ गीत किंवा सुरावट असा आहे.

३. श्रेय कोणाचे?

हा बदल प्रथम कोणी केला, याविषयी एकमत नाही. लखनौ घराण्याची परंपरा हे श्रेय नियामतुल्ला खाँ यांना देते. ते अवधचे नवाब वाजिद अली शाह यांच्या आश्रयास होते आणि तानसेनाच्या वंशातील बासत खाँ यांच्याकडे शिकले, असे ही परंपरा सांगते. त्यांचे पुत्र करामतुल्ला खाँ यांनी १९०८ साली उर्दू ग्रंथ लिहून घराण्याची विद्या नोंदवली. दुसरीकडे, ग्वाल्हेरच्या घराण्यात हेच श्रेय गुलाम अली खाँ यांना दिले जाते.

दोन्ही दावे मुख्यतः कुटुंबांच्या स्मरणातून आले आहेत. अशा वेळी एक दावा खरा व दुसरा खोटा ठरवण्याची घाई करू नये. एकाच अडचणीवर अनेक कलावंत एकाच काळात उपाय शोधत असतात. अफगाणी रबाबाची घडण आणि सुरसिंगाराची धातूची पट्टी यांचा मेळ सरोदमध्ये दिसतो. एवढे वाद्य स्वतःच सांगते.

४. दरबार गेला, विद्यालय आले

१८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले. वाजिद अली शाह कोलकात्याजवळील मटियाबुर्ज येथे गेले आणि अनेक कलावंत त्यांच्यामागे गेले. आश्रय तुटला की कलेचे काय होते, हे लखनौने अनुभवले.

पुढे १९२६ मध्ये याच शहरात मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. भातखंडे पेशाने वकील होते. घराण्यांच्या चार भिंतींत राहिलेली विद्या लिहून काढावी आणि ती कोणालाही शिकता यावी, हा त्यांचा ध्यास होता. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला ग्रंथ त्यांनी मराठीतच लिहिला. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवले. वाजिद अली शाहांच्या कैसरबागेतील परीखान्याची वास्तू या संस्थेला लाभली. आज ही संस्था भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

येथे सरोद शिकवत होते उस्ताद सखावत हुसेन खाँ. ज्या विद्येचा वारसा पूर्वी मुलाला किंवा निवडक शिष्यालाच मिळे, ती आता वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू लागली. यात लाभ मोठा होता. पण काही हरवलेही. घराण्यातील बारकावे वर्गाच्या ठरावीक तासांत मावत नाहीत. लिहिलेले स्वर पुस्तकात राहतात, हाताचे वळण मात्र गुरूसमोर बसूनच येते. दोन्ही मार्ग एकमेकांना पूरक ठरतात, तेव्हाच विद्या टिकते.

शब्दार्थ

तात – आतड्यापासून केलेली तार
मींड – एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे
खालसा करणे – राज्य ताब्यात घेणे

पाठगत प्रश्न

१. अफगाणी रबाबावर मींड का साधत नसे?
२. ‘नाव सारखे असले म्हणून वाद्य एकच असते, असे नाही,’ हे उदाहरणाने स्पष्ट करा.
३. लखनौ आणि ग्वाल्हेर येथील घराण्यांचे दावे कोणते? त्यांबद्दल पाठात कोणती भूमिका घेतली आहे?

स्वाध्याय

तुमच्या घरी किंवा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एखादी कला वा कसब असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून तिची माहिती आठ-दहा ओळींत लिहा. ऐकीव गोष्ट कोणती आणि प्रत्यक्ष पाहता येणारी कोणती, हे वेगवेगळे नोंदवा.